रजिस्टरवरची पोती, शेडमधली पोती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

देशातच जास्त तेल शोधा, असे आपल्या अग्रलेखात वाचले. मान्य. ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल आपण बाहेरून आणतो, तेव्हा विहिरी खोदाव्या लागणारच. पण मी २२ वर्षे रिगवर, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रावर, स्टोअर सांभाळले. माझी नजर आधी गोदामाकडे जाते.

तेलविहीर खोदताना आत चिखल फिरवत ठेवतात. आम्ही त्याला मडच म्हणायचो. खालच्या गॅसला दाबून धरते ते या मडचे वजन. गॅसचा जोर वाढला की त्यात बराइट या जड खनिजाची भुकटी मिसळून मड जड करायचे. १०० घनमीटर मडची घनता १.२ वरून १.४ वर न्यायला ३० टन बराइट लागते, म्हणजे ५० किलोची ६०० पोती. त्याची मोठी खाण आंध्रात, मंगमपेटला. रात्री दोनला फोन करून ते मिळत नाही.

आसामात एका पावसाळी रात्री आत जाते त्याहून जास्त मड वर येऊ लागले, म्हणजे विहिरीत गॅस शिरला होता. ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे विहिरीच्या तोंडावरची मोठी झडप, लावून विहीर बंद केली. मी रजिस्टर उघडले: ६०० पोती. शेडमधली ताडपत्री उचलली, तर २४०. बाकीची शेजारच्या रिगला उसनी गेलेली, तोंडी. सिमेंटचा खालचा थर ओल लागून दगड झालेला. बंद विहिरीतला गॅस गप्प बसत नाही. तो वर सरकत राहतो आणि दाबाच्या गेजचा काटाही चढत राहतो. पोती आली सकाळी नऊला. कोणाला इजा झाली नाही, म्हणून चौकशीही झाली नाही.

२७ मे २०२० रोजी आसामातल्याच बागजानची गॅसविहीर उसळली, ९ जूनला पेटली आणि १५ नोव्हेंबरला विझली. दोन अग्निशामक जवान गेले. तिथले कारण साठ्याचे नव्हते, हे खरे. पण सिंगापूरचे तज्ज्ञ आणि कॅनडाचे यंत्र येईपर्यंत गावकऱ्यांनी काय भोगले, ते सर्वांनी पाहिले.

आणखी एक. मड भेगांत जिरू लागले की त्या बुजवायला अभ्रकाबरोबर सरकीची टरफलेही टाकतात. आमच्याकडे ती जनावरांपुढे टाकतात. रिगवर मात्र चार पोत्यांवाचून काम अडलेले मी पाहिले आहे.

तेलविहिरींच्या तपासणीला खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. तिथल्या साहेबांनी रजिस्टरवर सही करण्याआधी शेडमध्ये जाऊन पोती मोजावीत, एखाद्या पोत्यात हात घालून पाहावा, तेही पावसाळ्याआधी. राखीव साठ्याची उसनवारी तर बंदच करावी.

आमच्या गावची दोन पोरे यंदा ठेकेदाराकडून रिगवर गेली आहेत. फोन आला की मी पगार विचारत नाही, बराइट किती पोती आहे ते विचारतो. परवा धाकटा म्हणाला, ‘‘काका, थे आमाले कोनी सांगत नाही.’’

– एक निवृत्त स्टोअरकीपर, ता. राळेगाव, जि. यवतमाळ