आप्पांच्या पेटीचं काय करायचं?

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. आप्पांनी गावच्या शेतांतून, ओढ्याकाठून जमवलेल्या जुन्या मणी-नाण्यांची पेटी विकायची की सरकारला द्यायची, यावरून घरात दोन तट पडलेत हे वाचून जीव हळहळला. तू माझं मत विचारलंस, तेव्हा आडपडदा न ठेवता सांगते. पेटी विकू नका, सरकारी वस्तुसंग्रहालयाला द्या. मात्र ती कशी द्यायची, याबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

दादा म्हणतो, "सरकारला दिलं म्हणजे गोदामात धूळ खात पडणार." त्याची भीती अगदीच खोटी नाही. पण आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला काय झालं ते त्याला आठवून दे. रामलिंगप्पा लामतुरे हे त्याच गावचे. पावसाने पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं धुपली की मातीतून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, सातवाहनांची नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती वर यायच्या. त्यांनी त्या आयुष्यभर जमवल्या. आज तो हजारो वस्तूंचा ठेवा त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात, तेरलाच आहे. हे 'तेरलाच' मला फार मोलाचं वाटतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथलं कापड, मलमल गाड्यांत घालून भडोचच्या बंदरात येतं. ते तगर म्हणजे तेर. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेली तशीच मूर्ती आठवते. तेरची ती मूर्ती कुणा शौकिनाच्या दिवाणखान्यात गेली असती, तर ती केवळ एक सुंदर बाहुली उरली असती. ती तेरची आहे हे ठाऊक आहे म्हणून ती एवढी बोलते.

म्हणूनच सांगते, पेटीतली सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे आप्पांची ती लाल कापडी बांधणीची वही. कुठला मणी कुणाच्या बांधावर मिळाला, कुठलं नाणं ओढ्याच्या कोणत्या काठाला, हे त्यांनी किती निगुतीने लिहिलंय! मी ती पाहिली तेव्हा एका पानावर मण्याच्या आकाराचं गोल काढून आत भोक कसं तिरकं पाडलंय तेसुद्धा दाखवलेलं होतं. मुंबईहून जो गृहस्थ येऊन भाव सांगून गेला, त्याला वही नको आहे. तो नाणी एकाला विकेल, मणी दुसऱ्याला, आणि तुमच्या गावच्या पांढरीचा इतिहास दहा घरांत विखरून जाईल. शिवाय दादाला हेही सांग की पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. १९७२ चा केंद्राचा कायदाच आहे तसा, आणि त्याच कायद्याने खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेरही पाठवता येत नाहीत. यापुढे शेतात काही सापडलं तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे आणि त्यात दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तरी कळवावं लागतं.

आता गोदामाचं. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचंच घे. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वाद्यं, दरवाजे असं आयुष्यभर गोळा केलेलं सगळं १९७५ साली राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. वीस हजारांहून जास्त वस्तूंपैकी मांडलेल्या आहेत जेमतेम अडीच हजार. सगळं मांडायला जागा कुठल्याच संग्रहालयात नसते, आणि त्यात मला वावगं वाटत नाही. आतल्या वस्तूची नोंद असेल, तिला वाळवी लागत नसेल आणि अभ्यासकाने मागितल्यावर ती बाहेर निघत असेल, तर ती सुखरूप आहे. नोंद नसेल तर ती काचेच्या कपाटात असूनही हरवल्यातच जमा.

इथेच माझं सरकारशी भांडण आहे. मनात आणलं तर सरकार किती करू शकतं, हे आपण पाहिलंय. २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा बंदोबस्तापासून प्रसिद्धीपर्यंत कशाची कमतरता नव्हती. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. मला मनापासून आनंद झाला. पण तटबंदीला मिळतं ते लक्ष तालुक्याच्या गावातल्या लहान संग्रहालयाला मिळत नाही. नव्या इमारतीला निधी निघतो, उद्घाटनाला मंत्री येतात. नोंदवही भरणारा अभिरक्षक, तांब्याचा गंज ओळखणारा रसायनतज्ज्ञ, शाळेच्या पोरांना चार गोष्टी सांगणारा मार्गदर्शक यांचा पगार मात्र दर महिन्याला लागतो, आणि त्यांची पदं भरली जात नाहीत. संग्रहालय चालतं ते या माणसांवर. राज्याने वारसा जपायचा म्हणजे आधी ही माणसं नेमायची, असं मी सभेत बोलते, निवेदनात लिहिते आणि यापुढेही लिहीत राहणार.

तरीही मी सरकारलाच द्या म्हणते, कारण खाजगी ट्रस्ट दोन पिढ्यांनी थकतो, घरं वाटली जातात. सरकारला निदान माहिती अधिकारात विचारता येतं, की आमच्या आप्पांची अमुक क्रमांकाची वस्तू आज कुठे आहे? तो क्रमांक मात्र आपल्या हातात हवा. म्हणून देण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन, माप आणि वहीतली जागा अशी यादी करू. दानपत्रावर ती यादी जोडायची, पानोपानी सही-शिक्का घ्यायचा. वही मूळ तिथे, पण तिची स्कॅन केलेली प्रत तुमच्याकडे. संग्रह फोडायचा नाही आणि वहीपासून वेगळा करायचा नाही, हे दानपत्रात स्पष्ट लिहून घ्यायचं. पोच मिळाल्याशिवाय पेटी गाडीत चढवायची नाही. पुरातत्त्व संचालनालयाच्या तुमच्या विभागातल्या सहायक संचालकांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी करून पाठवते. तू आणि दादा दोघांनी सह्या करा. त्याची सही हवीच, नाहीतर पुढे त्याच्या मनात सल राहील.

मी दिवाळीनंतर येते. मोजपट्टी आणि सोनाराचा लहान काटा घेऊन येईन, छाया तिच्या कॅमेऱ्यासह येणार आहे. तोवर एक कर. नाण्यांना कुणालाही चिंच किंवा लिंबू लावू देऊ नकोस, ब्रासोही नको. मणी धुऊ नका. आप्पांनी ज्या पुड्यांत जे बांधलंय ते तसंच राहू दे, पुडीवरचं पेन्सिलीचं अक्षर पुसट असलं तरी पुडी बदलू नका.

माईंना साष्टांग नमस्कार, दादाला आणि वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
शैला