नंदे, परवा पिल्लू पाहिलं

कोल्हापूर,
12 जानेवारी

प्रिय नंदे,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. फोनही दोनदा तूच केलास आणि दोन्ही वेळा मी 'नंतर करते' म्हणून ठेवला. रागाव, तुझा हक्कच आहे. गुडघा तसाच आहे, बीपीची गोळी चालू आहे, बाकी सगळे बरे. आता मुद्द्याचं. परवापासून मला धड झोप नाही. घरात सांगायला गेले तर हे म्हणाले, "एवढं काय त्यात?" काय त्यात, ते तुलाच कळेल.

मालवणला गेले होते. होडी घेतल्यापासून संदेशचं "मावशे, एकदा तरी बस" चाललेलं. सकाळी सातला देवबागहून निघालो, पुण्याचं एक कुटुंबही होतं. संगम ओलांडताना होडी उचलते ना, तिथे सगळी ओरडली आणि मला तू आठवलीस. तिथेच तू साऱ्या वर्गाच्या डब्यांवर ओकली होतीस आणि अजून लाटेवर ढकलतेस. लाट नव्हती गो, तुझ्या आईचे सात घावणे होते.

भोगव्यासमोर डॉल्फिन दिसले. पाठीवर कुबड असलेले, आपले, किनाऱ्याजवळचे. मोठे चार, आणि एकीच्या कुशीला चिकटून पिल्लू. फिकट राखाडी, ओल्या शाळीग्रामासारखं गुळगुळीत. ते वर यायचं, 'फुस्स' करून एवढासा श्वास घ्यायचं आणि आईच्या सावलीत शिरायचं. मी मोजत होते, चौथ्यांदा आलं तोवर आमची धरून सात होड्या झाल्या होत्या. आई डावीकडे वळली की डावीकडची होडी पुढे, उजवीकडे वळली की उजवीकडची. हे प्राणी आवाजावर मासा शोधतात, आवाजावरच एकमेकांना धरून राहतात, आणि डोक्यावर सात इंजिनं! पिल्लू वर आलं ते थेट एका होडीच्या पुढच्या टोकासमोर. श्वास न घेताच खाली गेलं.

आणि नंदे, संदेशनेही वेग वाढवलाच होता. मी त्याचं मनगट धरलं. काही बोलले नाही, नुसतं धरलं. त्याने इंजिन बंद केलं. पुण्याचे गृहस्थ चिडले, "आम्ही पैसे कशाचे दिले?" त्यांचंही काय चुकलं? त्यांची मुलगी पहाटे पाचला उठून बसली होती.

दांडीच्या वाळूवर अडकलेलं ते पिल्लू तुला आतापर्यंत आठवलं असेलच. तू घागरीने पाणी घालत होतीस आणि मी रडत होते. माझ्या डोळ्यांसमोर परवा दिवसभर तेच.

मग किल्ल्यामागे स्नॉर्केलिंग. मी उतरले, हो, या गुडघ्याने! काचेला थुंकी लावली, नळी दातांत धरली आणि मान पाण्यात घातली. वरचा सगळा गलबला एकदम मिटला, आपलाच श्वास तेवढा कानात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तोंडाशी आले, कारण कुणीतरी पाव कुस्करत होतं. खाली प्रवाळाचा घागरीएवढा गोळा होता, तपकिरी, आणि त्यावर भाकरीएवढा पांढराफटक ओरखडा. नांगराचा. जखम ताजी होती, कडेला अजून भुगा होता. असला प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे आपण परकर खोचून तिथे डुंबत होतो तेव्हाही तो गोळा तिथे होता.

1987 साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हाचं आपलं भांडण काढू का? तू म्हणालीस, झालंच पाहिजे. मी म्हटलं, 29 चौरस किलोमीटर समुद्र कागदावर घेतला तर माझ्या बाबांनी रापणीचं जाळं कुठे ओढायचं? दोन महिने आपण बोललो नाही. बाबांच्या बाजूने मी आजही उभी राहीन, तेवढं ऐकून ठेव. पण तू तेव्हा म्हणाली होतीस, "माशावर जगणारा निदान मासा उरावा म्हणून तरी बघतो, बघायला येणारा काय बघेल?" हे मला परवा पाण्यात डोकं असताना ऐकू आलं.

रात्री जेवणं झाल्यावर मी विषय काढला. संदेश पानाकडेच बघत राहिला. म्हणाला, "मावशे, माका सगळा कळता. पण आज डॉल्फिन दिसले नायत, तर उद्या ही माणसां दुसऱ्याच्या होडयेत बसतली. हप्तो कोण भरतलो?"

त्या कर्जाला जामीन मीच आहे. सही करताना मला केवढा अभिमान वाटला होता, पोरगा मुंबईला न जाता गावात राहिला म्हणून. आता प्रत्येक हप्ता भरला गेला की मला बरं वाटणार, आणि तो कशातून भरला गेला हेही मला ठाऊक असणार. त्याला 'सोड' म्हणायला माझ्याकडे दुसरं काम नाही. 'चालू दे' म्हणायला तोंड उघडत नाही. एवढंच सुचलं की लांबवर इंजिन बंद करून थांबायचं. बाबांच्या वेळी रापणीच्या कडेने डॉल्फिन आपणहून यायचे, जाळं फाडतात म्हणून बाबा शिव्या घालायचे, आठवतं? पण एकटा संदेश थांबला आणि बाकीचे सहा गेले तर? सगळ्या होडीवाल्यांना एकत्र बसवायला हवं. तिथे मी बोलले तर 'कोल्हापूरची मावशी' होते. तू दांडीची आहेस, तुझ्या भावाची होडी त्यांच्यातच आहे, आणि माणसाला न दुखवता कानउघाडणी करणं तुला जमतं, मला कधी जमलं नाही.

सुनेला कितवा महिना? डोंबिवलीचं घर रंगवून झालं का? भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल. सगळं फोनवर सविस्तर सांग, यावेळी मी ठेवणार नाही.

शिमग्याला मालवणात येतेयस ना? होडीवाल्यांना बसवण्याचं संदेशला मी अजून काही बोललेले नाही. तू येतेस एवढंच सांगितलंय, आणि त्याने लगेच विचारलं, "नंदामावशी होडयेत बसतली?"

तुझी,
वासंती