सोळा वर्षांच्या सरासरीमागची बाळे

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हिक्टोरियाकालीन लंडनवर आलेला लेख वाचला. त्यात पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन भागातले मजूर 'सरासरी सोळा वर्षे जगत' असे एक वाक्य आहे. आकडा खोटा नाही. एडविन चॅडविक यांच्या मजुरांच्या आरोग्यस्थितीवरील १८४२च्या सरकारी अहवालात तो आहे: सुखवस्तू घरांत ४५, दुकानदार-व्यापाऱ्यांच्या घरांत २६ आणि मजूर-कारागिरांच्या घरांत १६. पण हे मृत्यूच्या वेळचे सरासरी वय. ते वाचून वाटते, की तिथला रेशीम विणणारा सोळाव्या वर्षीच जात असे. तसे नव्हते. मागावर बसून म्हातारी झालेली माणसे तिथेही होती. सरासरी खाली आली ती मुख्यतः चिमुकल्यांच्या मृत्यूंमुळे. महिन्याचे बाळ आणि बत्तिशीतला बाप एकाच वर्षी गेले, तरी सरासरी सोळाच येते. लेखात त्या बाळांचा उल्लेखही नाही, याचे मला फार वाईट वाटले.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका होते. मृत्यूच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात 'ताप', 'अशक्तपणा' एवढेच लिहून मोकळे होणे काय असते, ते मी जवळून पाहिले आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्येही तेच चाले. बाळाच्या नावापुढे 'आकडी', 'दात येणे', 'अशक्तपणा' असे लिहिले जाई, आणि त्याआड कितीतरी वेळा हगवण असे. पाणी खासगी कंपन्या पुरवत; ते ठरावीक दिवशी, तासा-दोन तासांपुरते येई. कित्येक घरांत मिळून एक नळ. मग ते पाणी अंगणातल्या उघड्या पिंपात भरून ठेवायचे, आणि संडास पिंपाच्या अगदी जवळच असायचा. त्या पाण्यात कालवलेले बाळाच्या पोटात जायचे.

पटकी (कॉलरा) दूषित पाण्यातून पसरते हे दाखवणारे डॉक्टर जॉन स्नो आणि त्यांनी साथीचे मूळ ठरवलेला ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप यांवर लेखकाने दोन रकाने दिले, ते योग्यच. पण स्नो यांचे त्याहून मोठे काम दक्षिण लंडनमधले. तिथे एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे पाणी येई. १८५४च्या पटकीच्या साथीत टेम्स नदीचे शहरातले मैलामिश्रित पाणी उपसणाऱ्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले. जिने उपसा नदीच्या वरच्या अंगाला हलवला होता, तिच्या घरांत ३७. घरोघरी जाऊन 'तुमच्याकडे पाणी कोणाचे?' हे विचारल्याशिवाय हे उजेडात आले नसते. आणि कोणत्या घरी जायचे, हे कळले मृत्यूच्या नोंदींवरून. इंग्लंडमध्ये त्यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७पासून सुरू झाली होती.

बेथनल ग्रीनची पाळी आली १८६६ साली. लंडनमध्ये साडेपाच हजारांवर माणसे पटकीने गेली, त्यातली बहुतेक पूर्वेच्या वस्त्यांतली. नोंदणी कार्यालयातले विल्यम फार दर आठवड्याला विभागवार मृत्यूंचे तक्ते प्रसिद्ध करत. मृत्यू एकाच कंपनीच्या हद्दीत दाटलेले आहेत, हे त्यांना त्या तक्त्यांवरून दिसले. कंपनीच्या अभियंत्याने 'टाइम्स'ला पत्र लिहून, न गाळलेले पाणी थेंबभरही दिलेले नाही, असा निर्वाळा दिला. पुढे चौकशीत लोकांनी सांगितले, की आमच्या नळाच्या पाइपात वाम सापडली. गाळलेल्या पाण्यातून वाम येत नाही! कंपनीच्या ओल्ड फोर्ड इथल्या उघड्या तलावातले न गाळलेले पाणी सोडले गेले होते, हे अखेर बाहेर आले. मेलेल्यांची विभागवार मोजणी नसती, तर कंपनीचेच पत्र खरे धरले गेले असते, असे मला ठामपणे वाटते.

म्हणून एक विनंती. पावसाळ्यात आपण रोज राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी फूट-इंचांत छापता, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले तेही छापता, आणि लोक सकाळी आधी तेच पाहतात. त्याच पानावर आठवड्यातून एकदा शहरातले प्रभागवार मृत्यू द्यावेत: वर्षाच्या आतली बाळे किती, हगवण-कावीळ-डेंग्यूने किती. जन्म-मृत्यूची नोंद आपल्याकडे कायद्याने सक्तीची आहे आणि ती नोंद महापालिकेतच होते. नावे नकोत, प्रभाग, वय आणि कारण पुरे. कारण लिहिलेले नसेल, तर 'कारण नोंदलेले नाही' असा वेगळा रकाना ठेवावा आणि त्यातला आकडाही छापावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, कोल्हापूर