नोंद आणि हिशेब एकाच फाईलमध्ये

पुणे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचं काम तू अंगावर घेतलंस हे वाचून मनापासून आनंद झाला. पण विहिरींच्या पातळ्या वहीत, बेरजा एक्सेलमध्ये आणि कोण काय म्हणालं ते व्हॉट्सॲपवर, हे वाचून काळजीही वाटली. मी असल्या नोंदी कशात ठेवतो असं तू विचारलंयस. फोनवर सांगण्यासारखं नाही ते, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

मी सगळं इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये ठेवतो, त्यातल्या ऑर्ग मोडमध्ये. फाईल साध्या मजकुराची असते. ओळीच्या सुरुवातीला तारा (*) आणि एक मोकळी जागा दिली की मथळा होतो, टॅब दाबला की त्याखालचा मजकूर मिटतो, परत दाबला की उघडतो. ॲमस्टरडॅमच्या कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये हे सुरू केलं, तेही स्वतःच्या नोंदी आणि कामांची आखणी नीट राहावी म्हणून. पुढे एरिक शुल्ट आणि डॅन डेव्हिसन यांनी त्यात बेबलची भर घातली. २०१० पासून तो ऑर्गचाच भाग आहे. बेबलमुळे त्याच फाईलमध्ये, नोंदींच्या मधोमध, कोड लिहिता येतो आणि तिथल्या तिथे चालवता येतो. माझा सगळा जीव आहे तो या सोयीवर.

तुझंच काम घे. प्रत्येक विहिरीला एक मथळा दे. त्याखाली मेमधली पातळी, ऑक्टोबरमधली पातळी, कठड्याची उंची वजा केली की नाही, मोजायच्या आधी पंप चालू होता का, हे साध्या वाक्यात लिही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सकाळीच उपसा झालेल्या विहिरीचा आकडा खरी पातळी दाखवत नाही, आणि एक्सेलच्या चौकटीत तो बाकीच्या आकड्यांसारखाच दिसतो. मग सगळ्या विहिरींचा एक तक्ता कर. उभ्या रेघा टाकून लिहीत गेलास की टॅब दाबल्यावर रकाने आपोआप जुळतात. तक्त्याच्या डोक्यावर त्याला नाव दे, आणि त्याखाली कोडचा तुकडा लिही, ज्याला तो तक्ता त्याच नावाने मिळतो.

हिशेब तुला माहीतच आहे: क्षेत्र गुणिले पातळीतली वाढ गुणिले विशिष्ट उत्पादकता, म्हणजे भिजलेल्या खडकाच्या घनफळापैकी जेवढा भाग पाणी निथळून मिळतं तो. समज क्षेत्र ५०० हेक्टर आणि सरासरी वाढ ५ मीटर. आपल्याकडच्या झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टसाठी केंद्राच्या भूजल अंदाज पद्धतीत २ टक्के धरतात, म्हणजे ०.०२. उत्तर येतं ५ लाख घनमीटर, आपल्या भाषेत ५०० टीसीएम (हजार घनमीटर). कर्सर त्या तुकड्यात ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबायचं. चालवू का असं इमॅक्स विचारतो, हो म्हटलं की उत्तर बरोब्बर खाली उमटतं, रिझल्ट्स असं लिहून.

आता तुकड्याच्या वरच्या ओळीत लिही की २ टक्के का धरले, खडक कुठे उघडा पाहिला, कुणाच्या विहिरीचं खोदकाम बघितलं. ग्रामसभेत कुणी तरी विचारणारच, की हे दोन टक्के आणले कुठून? मागे एका गावाचा जुना अहवाल माझ्या हाती आला होता. त्यात ३ टक्के धरले होते. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि करणारी माणसं केव्हाच दुसऱ्या कामाला लागली होती. सूत्र एका चौकटीत, कारण कुणाच्या तरी डोक्यात. त्या आकड्याच्या भरवशावर गावाने पिकं ठरवायची म्हणजे फार झालं.

तुझ्या फाईलमध्ये कारण आणि आकडा एकाखाली एक असतील. कुणी म्हणालं की आमच्या वाडीचा दगड घट्ट आहे, तर त्याच्यासमोर ०.०२ च्या जागी ०.०१ लिही आणि परत चालव. ५०० चे २५० होतात. उन्हाळी पिकाला ७५० मिलिमीटर पाणी धरलं तर हेक्टरी साडेसात हजार घनमीटर लागतं. म्हणजे ते गेलेले २५० टीसीएम ३३ हेक्टरांचं पाणी झालं. एका टक्क्यावर एवढं अवलंबून आहे हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं, की वाद खडकावर होतो, माणसावर होत नाही. मला हे साधन आवडतं ते यासाठी.

प्रोग्राम माणसांनी वाचावा म्हणून लिहावा, ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९८४ मध्येच मांडली होती. तुझ्याकडे वाचणारे प्रोग्रामर नसून शेतकरी आहेत, त्यामुळे मला ती तुझ्या कामात जास्तच पटते.

आता अडचणी, कारण पहिल्या संध्याकाळी तू वैतागू नयेस. इमॅक्स नवा टाकला की बेबलमध्ये फक्त त्याची स्वतःची लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा चालते. आपण हिशेबाला वापरतो ती पायथन भाषा चालवायची परवानगी सेटिंगच्या फाईलमध्ये एकदा द्यावी लागते. पायथनच्या तुकड्यात शेवटी रिटर्न लिहिलं नाही तर खाली नुसतं नन (None, म्हणजे काहीच नाही) येतं. प्रिंट केलेलं हवं असेल तर तुकड्याच्या पहिल्या ओळीत रिझल्ट्स आउटपुट असं सांगायचं. कोड लांबला की कंट्रोल-सी आणि मग एकेरी अवतरण चिन्ह दाब, तो तुकडा वेगळ्या खिडकीत उघडतो आणि पायथनचं इंडेंटेशन बिघडत नाही. सेशनच्या, म्हणजे सगळे तुकडे एकाच चालू पायथनमध्ये चालवायच्या सोयीच्या, वाटेला सध्या जाऊ नकोस. त्यात आधीच्या तुकड्यातले आकडे मागे राहतात आणि उत्तर कशावरून आलं ते कळेनासं होतं. दरवेळी कोऱ्या पाटीवरून चालू दे.

मराठीचं म्हणशील तर लिहिण्यात काहीच अडत नाही. इमॅक्समध्ये देवनागरी टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, इंग्रजी अक्षरांतून लिहायची आयट्रान्स पद्धतही आहे, कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबून मराठी-इंग्रजी बदलता येतं. तक्त्यात मात्र देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्यामुळे उभ्या रेघा वाकड्या दिसतात. डोळ्यांना खटकतं, हिशेबाला काही होत नाही. मजेची गोष्ट म्हणजे तक्त्यात ५.२ असा मराठी आकडा लिहिलास तर तो पायथनकडे मजकूर म्हणून जातो, पण फ्लोट (मजकुराचा दशांश आकडा करणारी पायथनची आज्ञा) लावलं की पायथन तो बरोबर वाचतो! कोडमध्ये थेट मराठी आकडा लिहिला तर मात्र चूक दाखवतो, तिथे इंग्रजीच हवेत.

ज्युपिटर नोटबुक, म्हणजे नोंदी आणि कोड एकत्र ठेवायचं दुसरं साधन, का नको, असं तुझा भाचा विचारेल. आलेख काढायला ते उत्तम आहे, मीही वापरतो. पण त्याची फाईल आत जेसन या प्रोग्रामसाठीच्या मांडणीत असते, साध्या एडिटरमध्ये उघडली तर कंस आणि अवतरणांतून आपलं वाक्य शोधावं लागतं. तुझ्या कामात नोंदी जास्त आणि कोड थोडा. ऑर्गची फाईल उद्या इमॅक्स नसलेल्या कॉम्प्युटरवरही नोटपॅडमध्ये उघडेल आणि ग्रामसेवकाला वाचता येईल.

आणि हो, दुसऱ्या कुणाची फाईल आली तर इमॅक्सच्या प्रश्नाला वाचल्याशिवाय हो म्हणू नकोस. तो कोड तुझ्या कॉम्प्युटरवर काहीही करू शकतो. तो प्रश्न बंद करायची सोय आहे, पण तू ती वापरू नकोस.

मी माझी एक रिकामी फाईल पाठवतोय, मथळे आणि तक्ता आखलेला आहे. ऑक्टोबरच्या मोजण्या झाल्या की त्यात भर आणि जशी असेल तशी मला धाड. ओढ्याकाठच्या विहिरी तेवढ्या वेगळ्या तक्त्यात ठेव. तिथे गाळाचा थर असेल तर २ टक्के चालणार नाहीत, आकडा बराच वर जाईल, आणि तो किती धरायचा ते थर बघितल्याशिवाय ठरवू नये. जमलं तर दिवाळीच्या सुट्टीत मी येतो, आपण दोघं मिळून बघू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच