स्त्रीदेह-घटांची भाजणी : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासद भगिनींना सस्नेह नमस्कार. स्त्रीदेहाच्या विविध आकारांवर आपण घडवलेल्या घटांची आणि सुरयांची पहिली भाजणी येत्या रविवारी सकाळी ८ वाजता आपल्या कार्यशाळेत होणार असून, प्रत्येकीने आपली वस्तू शनिवारी सायंकाळी ५ वाजेपर्यंत आणून द्यावी.

१. वस्तू पूर्ण वाळलेली असावी. गालाला लावल्यावर ती गार लागली, तर आत अजून ओल आहे असे समजावे. अशी वस्तू भट्टीत फुटून शेजारच्या घटांचेही नुकसान करते, म्हणून ती स्वीकारली जाणार नाही.

२. पोट किंवा स्तन पोकळ घडवून जोडले असल्यास त्या बंद पोकळीला सुईने छिद्र पाडलेले असावे.

एक आग्रहाची विनंती. वस्तू घासून गुळगुळीत करताना सुटलेले पोट, शस्त्रक्रियेचा व्रण किंवा एकच उरलेला स्तन कृपया ‘सुबक’ करू नये. एका घटावर सिझेरियनची खूण नखाच्या बारीक रेघांनी उमटवली आहे आणि मला तोच घट सर्वांत देखणा वाटतो. धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या उत्खननात मिळालेल्या लज्जागौरीच्या, म्हणजे विवस्त्र मातृदेवतेच्या, मृण्मूर्ती पाहिल्या, तर आपल्याकडील मातीला स्त्रीदेहाचा संकोच कधीच नव्हता, हे ध्यानात येते.

जिची वस्तू असेल तिच्या परवानगीशिवाय कोणीही छायाचित्र काढू नये.