मंत्रिमहोदय, फेब्रुवारीतले चार दिवस द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पुण्यात राहते. एकतीस वर्षं हजेरीपट भरले आणि दर जूनला सुट्ट्यांची यादी वर्गाच्या भिंतीवर चिकटवली. आज आपल्याकडे मागणं मागते आहे तेही सुट्टीचंच. जास्तीची सुट्टी नको. आहेत त्यातलेच चार दिवस फेब्रुवारीत आणून द्या, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी.

आपली मोठी सुट्टी येते मे महिन्यात. मुलांच्या हाती वेळ येतो तेव्हा बागेतल्या घसरगुंडीवर बसलं तर चटका बसतो. सकाळी साडेनऊनंतर आजी-आजोबांनी नातवंडांना घेऊन बाहेर पडायची सोय नाही, आणि विदर्भात तर त्याचं नावच नको. मग पडदे ओढायचे, पंखा लावायचा आणि मोबाइल हातात द्यायचा. यात मुलांचा काही दोष नाही.

आता फेब्रुवारी बघा. सकाळी स्वेटर लागतो, नऊ वाजता तो कमरेला बांधला जातो. आमच्या वेताळ टेकडीवर पांगारा फुललेला असतो, गणेरीच्या निष्पर्ण फांद्यांवर पिवळीजर्द फुलं असतात. काटेसावरीवर भोरड्यांचे थवे उतरतात आणि असा काही कलकलाट करतात की मधल्या सुट्टीत आमच्या शाळेचं पटांगणही त्यापुढे शांत वाटावं. भिगवणला, नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे पक्षी अजून मुक्कामाला असतात, ठाण्याच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) असतात. एप्रिलपर्यंत यातलं पुष्कळसं आवरलेलं असतं. भोरड्या आपल्याकडे आलेल्या असतात तेव्हा मुलं घटक चाचणी देत असतात.

ही कल्पना मला सुचली ती स्वीडनमध्ये, हे कबूल करते. लेक गोथेनबर्गला असते. तिच्याकडे गेले तेव्हा नेमकी तिथल्या शाळांना फेब्रुवारीची आठवडाभराची सुट्टी होती, ‘स्पोर्टलोव्ह’ म्हणतात. मला वाटलं, सगळे बर्फाच्या डोंगरावर जात असतील. काही जातात, पण ते खर्चाचं काम आहे. बाकीचे आपल्या गावातल्या बागेत येतात. स्लॉट्सस्कोगेन नावाची तिथली जुनी मोठी बाग आहे, आत सील आणि पेंग्विन आहेत, तिकीट नाही. त्या आठवड्यात बर्फ कमी आणि चिखल जास्त होता. तरी आईबाप, आज्या, बाबागाड्या, थर्मास, सगळा लवाजमा हजर. जावयाने शेगडीवर काहीतरी भाजलं, नातू चिखलात बरबटून घरी आला आणि कुणी त्याला रागावलं नाही. (मी रागावले. सवय.)

या सुट्टीचा उगम मजेत नव्हता. १९४० मध्ये, महायुद्धाच्या काळात, कोळशाची टंचाई झाली आणि वर्ग गरम ठेवण्याचं इंधन वाचावं म्हणून शाळा बंद ठेवल्या. ‘कोकची सुट्टी’ असंच तिला म्हणत; कोक म्हणजे दगडी कोळशापासून केलेलं इंधन. टंचाई गेली, सुट्टी राहिली. ती सगळ्या देशाला एकदम देत नाहीत. गोथेनबर्ग आधी, स्टॉकहोम मागाहून, म्हणजे गर्दी वाटली जाते. हवामान बघून शाळेचं वेळापत्रक बदलणं आपल्यालाही नवीन नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतातच की. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत हे आपल्याच खात्याने २०२४ मध्ये ठरवलं.

दिवस कुठून काढायचे? वर्षाच्या ७६ सुट्ट्यांना धक्का लावायला नको. दिवाळीच्या सुट्टीतले शेवटचे चार दिवस घ्या. भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला गेले की मुलं घरात नुसती कंटाळलेली असतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. दिवाळीला हात लावलेला माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. पण दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे फेब्रुवारीत केंद्र असलेल्या शाळांत खालच्या वर्गांचा अभ्यास तसाही तुकड्या-तुकड्यांनी होतो. पेपर असला की सकाळची शाळा, नाहीतर सुट्टी. ते विखुरलेले दिवस एकत्र का आणू नयेत?

दोन अडचणी खऱ्या आहेत. नोकरी करणाऱ्या आईबापांना चार दिवस रजा कुठून मिळणार? सगळ्यांना नाही मिळणार. स्वीडनमध्येही नाही मिळत. तिथे नगरपालिका मुलांसाठी फुकट खेळ आणि उपक्रम ठेवते. इथे एखादा दिवस बाबा, एखादा दिवस आजी, एखादा शेजारची काकू, असं जमेल. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. शाळा बंद म्हणजे काही मुलांचं दुपारचं जेवण बंद. त्या चार दिवसांत पोषण आहार चालूच ठेवावा लागेल. दुष्काळी तालुक्यांत उन्हाळी सुट्टीतही तो दिल्याचा अनुभव आपल्या खात्याला आहे. याची तजवीज होणार नसेल, तर माझी मागणी मी मागे घेते.

आणि मुलांना प्रकल्प देऊ नका. ‘माझी बागेतील सहल’ यावर दहा ओळी नकोत, शिक्षकांनी फोटो अपलोड करणं नको. फार वाटलंच तर एक सुचवते. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षिगणना दर फेब्रुवारीत चार दिवस चालते, जगभर. बाकात बसून पंधरा मिनिटं पक्षी मोजले तरी चालतात. ज्याला हवं त्याने मोजावेत.

एक विनंती नगरविकास खात्याकडे आपणच पोचवा. अनेक शहरांत बागा सकाळी अकराच्या सुमारास बंद होतात त्या चारला उघडतात. निदान त्या आठवड्यात कुलूप लावू नका, आणि नळाला पाणी व स्वच्छतागृहाला कडी असू द्या. कडी नसली की आयाबाया तासाभरात घरी परततात.

२०२७ मध्ये शिवजयंती, १९ फेब्रुवारी, शुक्रवारी येते. त्या दिवशी शाळा नसतेच. सोमवार १५ ते गुरुवार १८, एवढेच चार दिवस हवे आहेत. पुढच्या वर्षाची यादी शाळांकडे जाईल, त्याआधी हे पत्र आपल्या टेबलावर यावं म्हणून आत्ता लिहिलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे