तक्रारीत खांबाचा क्रमांक लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘रस्ता खराब आहे, दिवे बंद आहेत, कचरा साचला आहे, कृपया लक्ष द्यावे.’ महापालिकेकडे अशी तक्रार गेली, की ती तिथेच अडकते. तीन खात्यांची कामं एका टोकनवर, म्हणजे एकाच तक्रार क्रमांकावर आली, की टोकन एकाच खात्याकडे जातं. ते आपल्यापुरतं काम उरकून तक्रार बंद करतं आणि बाकीची दोन कामं कुणाच्याच यादीत राहत नाहीत. म्हणून एका तक्रारीत एकच काम असावं, आणि तेही शिडी किंवा पहार घेऊन येणाऱ्या माणसाला जागेवर कुणाला न विचारता कळेल असं लिहिलेलं.

पथदिव्यांचंच घ्या. खांबावर बहुधा क्रमांक असतो; तो दिला की लांबलचक पत्ता लागत नाही. पुसला गेला असेल, तर शेजारच्या दोन्ही खांबांचे द्यावेत. नुसतं ‘दिवा बंद’ लिहून भागत नाही. एकच बंद असेल, तर बिघाड बहुतेक त्याच खांबावर असतो: दिवा, त्याला योग्य वीज पुरवणारा ‘ड्रायव्हर’ किंवा जोडणी. ओळीने पाच-सहा बंद असतील, तर केबल किंवा फीडर पिलरमधला (रस्त्याकडेच्या वीजपेटीतला) फ्यूज बघावा लागतो; तिथे शिडीची गाडी येऊन उपयोग नसतो. जुना सोडियमचा दिवा लागतो, तापला की विझतो, थंड झाला की पुन्हा लागतो, म्हणजे तो संपत आला आहे. तपासायला माणूस येतो तेव्हा तो नेमका चालू असतो आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. म्हणून ‘लागतो-विझतो’ हे तक्रारीत स्पष्ट लिहावं. भर दिवसा दिवे जळत असतील, तर उजेड ओळखून दिवे चालू-बंद करणारा फोटोसेल किंवा टायमर बिघडलेला असतो. उजेडाची तक्रार मात्र कुणी करत नाही!

खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली अंदाजाने सेंटीमीटरमध्ये द्यावी, आणि रस्त्याची बाजूही. पण आठवडाभर पाऊस नसताना खड्ड्यात पाणी दिसत असेल, तर आधी रस्ते खात्याकडे जाऊच नये. खाली जलवाहिनी गळत असण्याची शक्यता मोठी. वरून डांबर टाकलं तरी पाणी खालची खडी-माती सैल करत राहतं आणि तोच खड्डा पुन्हा उघडतो. पहिली तक्रार पाणीपुरवठा खात्याकडे. गळती थांबली की मग रस्ते.

फोटो दोन हवेत. एक लांबून, ओळखीची इमारत किंवा पाटी दिसेल असा, दुसरा जवळून. उंच इमारतींमध्ये नकाशावरचा ठिपका सहज शेजारच्या गल्लीत पडतो, त्यामुळे खूण शब्दांतही लिहावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेलं चित्र पुढे चढवू नये. त्यातली जागेची नोंद निघून गेलेली असते.

झाकण नसलेलं मॅनहोल, लोंबणारी वीजतार, हात लागताच झिणझिण्या देणारा खांब, गॅसचा वास यांना ॲप नको, फोनच हवा. आधी माणसांना दूर ठेवावं, फोटोच्या नादात जवळ जाऊ नये. तातडीचं आणि बिनतातडीचं वेगळं ठेवण्यासाठीच अमेरिकेत बाल्टिमोरने १९९६ साली ९११ या तातडीच्या क्रमांकाच्या जोडीला ३११ हा क्रमांक सुरू केला.

इतकं नेटकं लिहूनही तक्रार काम न होता बंद होते, आणि हा दोष नागरिकांचा नाही. ‘संबंधित खात्याकडे पाठवली’ म्हणजे काम झालं असं धरलं जातं. एकाच खड्ड्याच्या दहा तक्रारी मूळ तक्रारीला जोडल्या असतील, तर ती बंद होताच दहाही बंद. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेलं ‘फिक्समायस्ट्रीट’ हे तक्रारींचं संकेतस्थळ तक्रारीनंतर चार आठवड्यांनी तक्रारदारालाच विचारतं, की काम झालं का. आपल्याकडच्या यंत्रणांनीही एवढं करावं: काम झाल्याचा त्याच कोनातून काढलेला फोटो जोडल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये, खातं बदललं तरी टोकन तेच राहावं, आणि ते पुन्हा उघडण्याचं बटण तक्रारदाराच्या हाती असावं.

– एक वाचक